तिसरा रकाना

बेळगावच्या कोर्टासमोर,
झेरॉक्सच्या दुकानाला टेकून माझं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली बाद स्टँपपेपरची घडी.
सत्तावीस वर्षं कानडीतलं मराठीत करतो,
पानाला चाळीस, घाईचं असेल तर साठ.
पक्षकार सगळे घाईतच असतात,
निकाल मात्र नातवांच्या हाती पडतो.

लांब वही आहे, लाल कापडी बांधणीची.
डावीकडं कानडी, उजवीकडं मराठी.
पहणी म्हणजे उतारा.
एकेक शब्द चहाच्या बदल्यात मिळवलेला,
लुमाण्णा शिरस्तेदाराकडून,
आणि काही, खानापूरच्या बसमध्ये
शेजारच्या बाया भांडत होत्या, त्यातून.

गेल्या वर्षी भाचीनं, तेजलनं, फोनमध्ये ते घालून दिलं.
‘फोटो काढ, मामा, बास.’
काढला.
चष्मा पुसून होईतो चार पानांचं मराठी तयार.
मी पेनाला टोपण लावलं. पुन्हा काढलं.
पुन्हा लावलं.

पहिला महिना नुसतं वाचलं आणि शिक्का मारला.
दोन तासांचं काम वीस मिनिटांत,
उरलेल्या वेळात पेपरातलं शब्दकोडं.
एका दुपारी आडवा सात अडला,
तीन अक्षरी, ओठांवर असलेला,
आणि माझा हात
आपोआप फोनकडं गेला.

त्याच आठवड्यात बेळगुंदीच्या भरमाण्णाचं खरेदीखत.
चक्कुबंदी, म्हणजे चतुःसीमा,
पूर्वेस ओढा, पश्चिमेस काजूची बाग,
उत्तरेस भावकी, दक्षिणेस गाडीवाट.
यंत्रानं लिहिलं: चकबंदी.
म्हणजे तुकडे गोळा करून जमिनीचा एकच गठ्ठा.
ओढा गेला, भावकी गेली.
ज्या मुलखात माणसाला नावाआधी
सीमेचं विचारतात,
तिथं त्याला सीमा दिसलीच नाही.
मी शिक्का उचललेला होता.
शाई वाळेपर्यंत तसाच धरून बसलो.

हसलो असतो, पण
मीही एकदा, नवा असताना,
‘प्रतिवादीला दारू पिण्याचा अभ्यास होता’
असं लिहून दिलं होतं.
कानडीत अभ्यास म्हणजे सवय.
वकील आठवडाभर विचारत होते,
कितवीपर्यंत झाला म्हणून.
त्या खड्ड्यात यंत्र पडत नाही.
मुद्दाम तीनदा घालून पाहिलं, नाही पडलं.

आता पहिल्या दहा ओळी पेन्सिलीनं, फोन पालथा.
मग त्याचं. मग दोन्ही शेजारी ठेवून,
बोट फिरवत.
फरक सापडला की वहीत.
त्यासाठी तिसरा रकाना आखला,
पट्टी नव्हती, शिक्क्याच्या डबीच्या कडेनं,
वाकडा आला, तसाच ठेवलाय.
हाच शब्द का, असं विचारतो.
ते कारण सांगतं, सभ्यपणे.
चुकीचं असलं तरी तितक्याच सभ्यपणे.
म्हणून सुरावर जायचं नाही,
हे शेवटच्या पानावर लिहिलंय, दोन रेघा मारून.

साक्षीदारांचं बोलणंही ते इस्त्री करून देतं.
‘काय करूलास’चं ‘काय करत आहेस’.
ते मी खोडतो, रोज.
माणूस जसा बोलला तसाच कोर्टात उभा राहू दे.

काम थोडं कमी झालंय, खोटं कशाला बोलू.
पण काल पेन्सिलीला टोक काढत होतो,
लुमाण्णा आला, रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी
अकराच्या चहाला येतो.
वही पाहिली, वाकडी रेघ पाहिली.
‘काय करूलास?’
‘अभ्यास करूलो,’ म्हटलं.
कुठल्या भाषेतला, ते त्यानं विचारलं नाही,
बशीत ओतलेल्या चहावर फुंकर घालत
तिसऱ्या रकान्यातला एक शब्द
त्यानं बोटानं दाबून धरला.
‘हाबी चुकलाय,’ म्हणाला.