उंबऱ्यापासून चार बोटं

मालनची उंची पाच फूट एक इंच.
ठाण्यात त्या मापाची मी एकटीच,
म्हणून मुल्लाणी मॅडम म्हणाल्या, गोदाक्का, झोपा.

टोपी काढून मी खडूच्या रेघेत शिरले.
फरशी गार. हिरड्यात कमावलेल्या कातड्याचा वास.
डावा हात वर, अजून वर, फोटोत आहे तसा.
उंबऱ्यापासून चार बोटं अलीकडं थांबला.

नवऱ्याच्या जबाबात असं आहे :
वादी कापताना रापी निसटली, मांडीत गेली असंल.
मी गंगावेशीत दूध प्यायला गेलेलो.
कुत्रं शिरतंय म्हणून भाईरनं कडी.
येऊन बघतोय तर संपलेली.

रापी निसटली असेल.
मॅडमसुद्धा नाही म्हणत नाहीत.
एरणीजवळचे थेंब गोल आहेत, जागच्या जागी पडलेले.
तिथून पुढं मात्र थेंबांना शेपट्या फुटतात,
सगळ्या दाराकडं.
सात पावलं.
फळीवर माझ्या खांद्याइतक्या उंचीला एक पंजा,
आणि तिथून खाली ओढत आलेली बोटं.

अर्धवट विणलेली वेणी अजून खिळ्याला लटकत होती.

मॅडमनी तांब्याभर पाणी ओतलं माझ्या गुडघ्याशी.
पाणी थोडं घुटमळलं,
मग झिजलेल्या उंबऱ्याखालनं बाहेर गेलं.
साडी असती तर भिजली असती, वर्दी भिजली.

धनपाल, तू बाहेर उभा राहा. दार लाव.
दिसतंय का काही, गोदाक्का?

दिसतंय.
फटीत उजेड, उजेडात दोन बूट.
बूट हलले तरी कळतं.

बाहेरच्या पायरीवर डाग दोन वाटांनी गेलाय,
मधे कोरडी जागा सोडून.
कापशी चपलेचं माप, अंगठ्याकडं जरा बाहेर झुकलेलं.
मॅडम उकिडव्या बसून बराच वेळ बघत राहिल्या.
म्हणाल्या, कडा वाळेपर्यंत हा पाय उचललेला नाही.

रापी निसटण्याला कलम नाही.
उभं राहण्याला कुठलं लावायचं
ते साहेब जीपमध्ये बसून फोनवर विचारत होते.

झालं, उठा आता, मॅडम म्हणाल्या.
उठायच्या आधी मी हात आणखी ताणला,
खांदा निघेल इतका. कुणी सांगितलं नव्हतं.

पोचला नाही.