सीडरची फळी

डुलुथमध्ये जानेवारीतही गॅरेजचं दार
वीतभर उघडं ठेवावं लागतं,
नाहीतर धूर डोळ्यांत बसतो.
पायांशी हीटर, पाठीला उणे अठराचा वारा
आणि हातात पेन्सिलीएवढी आग.

शेजारची मारिट फळी घेऊन आली.
ऑरिनच्या होडीची. एका कडेला अजून
हिरव्या रंगाचे पोपडे, दोन गंजके खिळे.
"यावर काहीतरी कर," म्हणाली,
आणि दुधाच्या रिकाम्या क्रेटवर बसून राहिली.

चेहरे मला जमत नाहीत. सांगून टाकलं.
सरोवर जमेल.
सीडरचे मऊ पट्टे लगेच करपतात,
मधल्या कडक रेषा अडून बसतात,
लाट आपसूक थरथरते.
त्यात माझी हुशारी काही नाही.

आभाळासाठी कोऱ्या चहाचे दोन हात दिले.
जाळ्याचा तुटका दोरा डिंकाने बसवला.
तांब्याची तार ठोकून ठोकून चपटी केली,
ते क्षितिज.
पोपडे तसेच ठेवले. किनारा तिथे आधीच होता.

मग ती म्हणाली,
शेवटच्या रात्री तो गरम पाण्याची पिशवी मागत होता,
आणि मी म्हटलं, थांब, बातम्या संपू देत.

माझा हात थांबला. तीच चूक.
टोक टेकलेलं होतं, मी वर पाहत होते,
आणि पाण्याच्या मधोमध
मसुरीएवढा काळा खड्डा.

पॉलिश पेपर आहे, ब्लेड आहे,
वर चिकटवायला खोकाभर कागद.
पण जळलेलं खोल जातं.
खरवडावं तेवढी फळीच पातळ होते.

आमच्याकडे याला चटका म्हणतात, मी म्हटलं.
तव्याचा बसतो, तोही चटका.
माणूस लावून जातो, तोही.
"शब्द एकच?"
एकच.
तिने म्हणून पाहिला. पहिल्याच अक्षराशी
तिचे दात अडखळले, तिसऱ्यांदा नीट आला.

हातमोजा काढून तिने
खड्ड्यावर बोट ठेवलं.
"गरम आहे अजून."
बोट काढलं नाही.
रस्त्यावरून बर्फ ढकलणारी गाडी गेली,
डब्यातले ब्रश किणकिणले.

फक्त वार्निश राहिलंय.
रोज संध्याकाळी ती येते, विचारते, वाळलं का?
मी म्हणते, या थंडीत वेळ लागतो.
डबा अजून मी उघडलेलाच नाही.