काही नाही

तासगावात, स्टँडच्या मागं, एक मशीन, एक आरसा
आणि ही मापांची वही.
सत्तावीस वर्षांत अर्धं गाव माझ्यापुढं येऊन उभं राहिलंय
हात थोडे वर करून.
बेदाणा निवडणाऱ्या बाया, बँकेतल्या मॅडम.
कुणाचा दंड उतरला, कुणाची कंबर दोन महिन्यांत वाढली,
तिच्या नवऱ्याआधी मला कळतं.
मी बोलत नाही. आकडा लिहिते, खडू कानावर ठेवते.

माझं माप मात्र कधी घेतलं नाही.
जुना ब्लाउज उसवून त्यावरच बेतते.

डावीकडं गाठ लागली तेव्हा बेदाण्याएवढी होती.
श्रावण होता. मग नवरात्राची घाई,
मग लगीनसराई.
कारणं शिवायला मला वेळ लागत नाही.
डाव्या अंगाचा टक्स
दर ब्लाउजला थोडा सैल सोडत गेले.

भीती सुईची नव्हती.
सुई तर रोजच बोटात शिरते.
भीती मिरजेच्या त्या खोलीची:
आई खाटेवर, मी अकरा वर्षांची, तिचा पदर धरून,
आणि डॉक्टर तिच्या डोक्यावरून
मामाशी इंग्रजीत बोलतायत.
"काय म्हणतात रे?" आईनं विचारलं.
"काही नाही," मामा म्हणाला.
परतीच्या एसटीत तिनं पुन्हा विचारलं.
काही नाही.
दिवाळीच्या आत ती गेली.
तिला काय झालं होतं
हे ती सोडून सगळ्यांना माहीत होतं.

फाल्गुनात एकदा हिय्या करून सांगलीला गेले.
त्यांनी फायलीतून मान वर केली नाही.
"इतके दिवस झोपा काढत होता का?"
मी हुक लावले, वरून खाली, एकही न चुकवता,
चपला घातल्या आणि निघाले.
केसपेपरचे पैसे बुडाले ते बुडाले.

शिकलगार डॉक्टरीण माझं गिऱ्हाईक.
छाती छत्तीस, बाही नऊ, मागून बंद गळा.
माप देताना डोळे मिटून ताठ उभी राहायची,
टेप लागायच्या आधीच दचकायची.
मला त्याचंच बरं वाटायचं.
अंग दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे काय
हे हिला ठाऊक होतं.

एप्रिलात, "अस्तर राहिलंय" म्हणायला गेले
आणि तोंडातून गाठच निघाली.
बाहीला टाचण्या लावलेल्या, ती हलली नाही.
"इथं नको," म्हणाली. "उद्या दोनला या. तेव्हा गर्दी नसते."

तिनं आधी खिडकी लावली.
हात एकमेकांवर चोळले. "गार आहेत, थांबा."
मग विचारलं, "बघू का?"

विचारलं. मला.
चौपन्न वर्षांत
असं कुणी विचारल्याचं आठवत नाही.

"काय असेल हो?"
"मला माहीत नाही," ती म्हणाली, "आत्ता तरी नाही.
सुईनं थोडं काढून तपासायला लागेल, मिरजेला.
वाईट असू शकतं. नसूही शकतं.
जे असेल ते आधी तुम्हाला सांगेन,
तुमच्या माणसांना नंतर."

बिलाच्या पाठीमागं तिनं चित्र काढलं.
रेघा वाकड्या, मुंढा तर साफ चुकलेला.
राहवलं नाही. पेन घेतलं
आणि मुंढा नीट करून दिला.
"हां, आता बरोबर," म्हणत तिनं
त्यात गाठीचा ठिपका दिला.

भीती गेली असं नाही.
जिना उतरताना कठडा सोडला नाही.
खाली रिक्षात धाकटी जाऊ कल्पना,
मांडीवर माझी पिशवी घट्ट धरून.

"काय म्हणाल्या?"

मामाचे ते दोन शब्द
जिभेवर तयारच होते, इस्त्री करून ठेवल्यासारखे.

मी तिच्या शेजारी बसले. कागद उलगडला.
"हे बघ," म्हटलं,
"मंगळवारी मिरजेला जायचंय."