उसनी नाडी

कंपनीनं शंभर दिवसांची स्पर्धा लावली
तेव्हा मी हिंजवडीत, नवव्या मजल्यावर,
दिवसाला अठराशे पावलं चालत होते.
त्यातली चारशे कॉफीच्या मशीनपर्यंतची.
आमच्या टीमचं नाव सिंहगड.
सिंहगड आम्हाला ठाऊक पिठलं-भाकरीपुरता.

व्यंकट सुरवसे, रात्री आठ ते सकाळी आठ,
सूस रोडवरच्या आमच्या पाच इमारतींभोवती फिरतात.
प्रत्येक कोपऱ्यात भिंतीवरच्या बिल्ल्याला
लोखंडी कांडी टेकवतात. पीक वाजतं.
गस्त घातल्याचा पुरावा.

म्हटलं, काका, हे मनगटावर घालाल का रात्रभर?
"काय करतं?"
पावलं मोजतं.
त्यांनी कांडी वर करून दाखवली.
"एक मोजतंय की आधीच."
महिन्याला पाचशे ठरले.

सकाळी मी गेटातून स्कूटर काढायचे,
फोन पट्ट्याला ओळखायचा,
आणि अख्खी रात्र
आवाज न करता माझ्या खिशात सरकायची.

एकोणीस हजार. एकवीस हजार.
माझ्या नावापुढे टाळ्यांची चित्रं.
एचआरची केतकी लिफ्टमध्ये म्हणाली,
"बारीक झालीस गं!"
आरशात पाहिलं. कुठं?
तरी त्या रात्री भात अर्धाच घेतला.

राधा चौकाच्या सिग्नलला
एक पाय रस्त्यावर टेकून
मी सुरवसेकाकांचं काळीज वाचायचे.
बासष्ट, बासष्ट, चौसष्ट,
मध्येच सत्त्याण्णव (टाकीचा जिना),
तीन वाजून दहा मिनिटांनी एकशे अडतीस.
मागचे हॉर्न वाजवायचे.

"रात्री काय झालं होतं, काका?"
"डी इमारतीमागं कुत्री लागली.
तुम्हाला कुणी सांगितलं?"
असंच, म्हटलं.

एकदा पहाटे चार ते साडेचार
पावलं शून्य, नाडी चोपन्न,
खाली निळ्या पट्टीत: गाढ झोप.
ती अर्धी तास झोप
मी चेअरमन राजवाड्यांपासून
स्वतःची असल्यासारखी लपवली.

दिवसा काढून ठेवा, असं मी सांगितलं होतं.
ते विसरायचे.
नऊ ते एक पुन्हा आठ हजार पावलं,
बाणेरला गाड्या धुतात, अकरा.
संध्याकाळी ॲप मला समजावायचं:
तुमची सरासरी झोप तीन तास दहा मिनिटं,
आज जरा लवकर अंथरुणावर पडून बघा.
आठ तास झोपून उठलेली मी
ते वाचून जांभई द्यायचे.

एक्क्याऐंशीव्या दिवशी लाल अक्षरं आली.
ठोके अनियमित. डॉक्टरांना भेटा.
कंपनी तत्पर. माझ्या नावानं मोफत तपासणी,
बालेवाडीत, एसी, चहासोबत दोन मारी.
मॅडम, तुमचं हृदय ठणठणीत आहे,
डॉक्टर म्हणाले. यंत्रं चुकतात कधी कधी.

यंत्र चुकलं नव्हतं.

औंधच्या सरकारी दवाखान्यात
केसपेपरवर कुणाचं नाव, असं विचारलं
तेव्हा मी आधी माझं सांगायला गेले.
सवय.
काकांनी शर्ट काढला, घडी घालून मला दिला.
पट्टा काढायला सांगितला तर म्हणाले,
"तुमचाच आहे, तुम्हीच धरा."

धरायला हात मोकळा नव्हता म्हणून घातला.
त्यांच्या भोकात माझं मनगट सैल.
आतला रबर अजून गरम,
घामाचा आणि गाडी धुवायच्या साबणाचा वास.
हिरवा दिवा कातडीवर जरा चाचपडला,
मग त्याला कुणीतरी सापडलं.

पडद्यामागं यंत्र कागद ओकत होतं.
मनगट थरथरलं.
एकशे सोळा.
व्यायाम सुरू केलेला दिसतो, नोंद करू का?

मी बाकावर बसलेली होते,
मांडीवर निळा शर्ट,
खिशात गेटाची किल्ली.