तारखेचा रकाना

जिंतूर तहसील, रेकॉर्डची खोली.
क्वेरी पुन्हा लाल: तारीख अवैध.

आधी साल, मग महिना, मग दिवस,
मधे आडव्या रेघा,
तिला एवढंच वाचता येतं.

मोईनचाचा चष्मा कपाळावर सारून
उर्दू कागद उजेडात धरतात:
'बहमन, तेराशे सत्तावन्न फसली.'
बाकावरून सोजरबाई:
'व्हय, मी हुरड्यातली.'

दोघांचं जुळलं.
मी बोटं मोजत डिसेंबरला पोचतो.
दिवस? कुणालाच ठाऊक नाही.
एक तारीख टाकतो.

यंत्र न विचारता
पुढं सहा शून्यं लावतं.
'म्हणजे मध्यरात्र,' मी सांगतो.

'खोटं हाय.
माय धारा काढायला उठली,
तवा झाले मी.'

मी मुकाट एंटर दाबतो.
चाचा कागदाच्या पाठीवर
पेन्सिलीनं काहीतरी लिहून ठेवतात,
उर्दूत.