नवीन निरोप नाहीत

हल, फेब्रुवारी चौऱ्याण्णव, रात्रीचे सव्वाअकरा.
मागच्या खोलीत मोडेम खाकरतो, शीळ घालतो, गप्प होतो.
इस्त्रीच्या टेबलावर यंत्र. इस्त्री जमिनीवर.

या शहराची फोन कंपनी शहराची स्वतःची,
फोनच्या खोक्यांचा रंगसुद्धा इथे सायीचा,
आणि गावातल्या गावात कितीही वेळ बोला, पैसे तेवढेच.
म्हणून तर माझ्या बोर्डावर वर्दळ असायची.
गेले नऊ दिवस नाही.
मला वाटलं, कंटाळले लोक.
मी ते मान्यही करून टाकलं होतं.

आज सकाळी सिरिल ब्लँचर्ड यांचा फोन, खऱ्या आवाजात:
"मिसेस रेगे, तुमचं यंत्र रोज सांगतं, नवीन काही नाही.
सगळं हल एकदम मुकं झालं का?"
आइसलंडच्या पाण्यात तीस वर्षं जाळी ओढलेला माणूस.
समुद्र फार शांत झाला की
त्याला आधी शंका येते.

संशय अर्थात पोटभाडेकरूवर.
बोर्डाच्या मूळ प्रोग्रामला निरोप धड दाखवता येत नाहीत,
म्हणून टोलीडोच्या कुणा डेल क्रुगरला पंधरा डॉलर धाडून
हा वाचक मी त्याच्या पोटात आणून ठेवला.
फोल्डरचा पत्ता तपासला, बरोबर.
अडकलेली कुलपाची फाइल पुसली.
मोडेमचा वेग उतरवला, चढवला, पुन्हा उतरवला.
जुनी आवृत्ती घातली. तीच रड.
डेलला पत्र लिहिलं, ते अजून समुद्रावरच असेल.
शेजारचा ग्लेन म्हणाला, "सगळं पुसून नव्यानं घाला."
तो सोळा वर्षांचा आहे, त्याचं प्रत्येक दुखण्याला हेच औषध.

मग वही काढली. कुठेतरी गोम होती,
आणि गोम पायांवरून मोजावी लागते.
सिरिल, शेवटचा वाचलेला निरोप: ३२७६७.
ब्रिजेट, शेवटचा वाचलेला: ३२७६७.
मी स्वतः: ३२७६७.
सगळे एकाच पायरीवर उभे.

दवाखान्यात दिवसभर मी रक्तातल्या पेशी मोजते,
अंगठ्याखाली टिकटिक करणारं छोटं यंत्र घेऊन.
नऊशे नव्याण्णवनंतर ते निमूट शून्यावर येतं.
हा शून्यावर थांबत नाही.
एवढीच बोटं दिली आहेत त्याला; ती संपली
की पुढचं पाऊल थेट तळघरात:
उणे बत्तीस हजार सातशे अडुसष्ट.
आणि वाचक रोज इमानानं विचारतो,
याहून मोठा आकडा आहे का?
नाही.
मग नवीन निरोप नाहीत.

खोटं बोलत नव्हता बिचारा.

इलाज सोपा: जुनं काढायचं, पुन्हा एकपासून मोजायचं.
एक्क्याण्णव सालचं प्रिंटरच्या फितीवरचं भांडण गेलं.
विकली गेलेली सायकल गेली, तिचा पंप गेला.
पण त्याआधी कंदील घेतल्यासारखी
मी शून्याखाली उतरले.

दोनशे सहा निरोप, अंधारात ओळीनं बसलेले.
ब्रिजेटचा पाळणा विकायचा आहे.
कुणाला गिअरबॉक्सचं उत्तर मिळालंय, त्याला माहीत नाही.
सिरिलचे चार.
पहिला लांबलचक, दोरांवर चढणाऱ्या बर्फाबद्दल,
ते कुऱ्हाडीनं कसं फोडायचं, आधी कुठल्या बाजूचं.
दुसरा दोन ओळींचा.
तिसरा: "कोणी आहे का?"
चौथा माझ्या नावानं:
"मिसेस रेगे, तुमच्या लोणच्याबद्दल मी जे लिहिलं
ती गंमत होती. सगळ्यांना ती लागली असेल
तर मला माफ करा."

म्हणजे सकाळी फोनवर त्यांनी यंत्राचं विचारलं
ते यासाठी.

पावणेतीनला मोजणी संपली.
त्या चौथ्या निरोपाचा नंबर आता एक हजार बेचाळीस.
खाली उत्तर टंकलं:
गंमत कळली होती. लोणचं खारटच झालं होतं.
बर्फ आधी कुठल्या बाजूचं फोडायचं
ते मात्र मला नीट कळलं नाही, पुन्हा लिहा.

उद्या ते एका बोटानं दार ठोठावतील
आणि पडदा म्हणेल, दोनशे सात.
शर्ट तसेच पडलेत.