पिवळी ओळ

वाचनालयाच्या बाईंनी पुस्तक ट्यूबखाली धरलं,
उलटंपालटं केलं, नाकाशी नेलं,
विचारलं, "आमटीत पडलं होतं का?"

नाही बाई, आमटीत नाही.
मी मार्केट यार्डात हळदीची पोती तोलतो.
हात धुतो. साबणानं, राखेनं, एकदा रॉकेलनंसुद्धा.
पण राजापुरी एकदा नखांच्या कडेला बसली
की आषाढापर्यंत उठत नाही.
आणि ओळीखाली बोट ठेवल्याशिवाय
मला वाचता येत नाही.

एवढं सगळं मनात. तोंडातून फक्त "हळद" आलं.

त्रिशलाची आई सिव्हिलला रात्रपाळी करते,
म्हणून आठ ते नऊ पुस्तक माझ्या वाट्याला.
एका उंटिणीची गोष्ट, मीठ शोधायला निघालेली.
मी सातवीत शाळा सोडलेला,
तिच्यासारखाच निघतो, पाय रोवत.
सोप्या शब्दांवर बोट घसरत जातं, फिकी रेघ उमटते.
जोडाक्षर आलं की थांबतं.
तिथं हळद जाड होते.

मला हे कळलंच नव्हतं.
पोरीला कळलं होतं.
जिथं जिथं मी अडलो, तिथं तिनं पेन्सिलीनं
डागाला चोच काढली, दोन काड्यांचे पाय,
डोळ्याचा एक ठिपका.
'निस्तब्ध'पाशी एक पिल्लू.
'आर्द्र'पाशी दोन, एक दुसऱ्याच्या पाठीवर चढलेलं.
आणि 'मृगजळ'पाशी अख्खं खुराडं.

बाईंनी एकेक पान पाहिलं.
हसू आलं असावं, दाबलं असावं.
साठ रुपये भरून घेतले, पावती फाडली,
आणि जुन्या शिक्क्यावर नवा शिक्का मारला: रद्द.
गणपती मंदिरापर्यंत त्रिशला विचारत होती,
"रद्द म्हणजे आपलं का?"

रविवारी बांधायला घेतलं. शिलाई तशीही उसवलीच होती.
दाभण, गोधडीचा दोरा,
बेदाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा.
पुठ्ठा आम्ही उलटा चिकटवला, त्यामुळे मागच्या बाजूला
'तासगाव' डोक्यावर उभं आहे.
स्टोव्हवर कणकेची खळ रटरटली,
एक गठळी त्रिशलानं खाऊनही बघितली.
शेजारचे हुक्केरीकाका कट्ट्यावरून ओरडले,
"मोरचूद घाला चिमूटभर, नाहीतर झुरळं पुस्तक खातील!"
घरात लहान पोर, मोरचूद कुठून आणू.
ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही नुसती बोटं बुडवा की."

बुडवली.
खळ पिवळी झाली.
पुस्तकावर पाटा ठेवला, पाट्यावर ती स्वतः बसली,
आणि शाळेचा डबा तिथंच बसून संपवला.

मग तिनं विचारलं, मृगजळ म्हणजे काय.
जो शब्द उच्चारायला चार रात्री लागल्या
त्याचा अर्थही असतो, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.
सकाळी तिची आई आली, चप्पल काढता काढता
अर्धवट झोपेत म्हणाली, "नसलेलं पाणी."

नसलेलं पाणी!
चैत्रातल्या दुपारी माधवनगरच्या रस्त्यावर
टेम्पोच्या पुढे पुढे पळणारं,
जवळ गेलं की डांबर होणारं,
ते तर मी वीस वर्षं बघतोय.
त्याला नाव होतं.

आता पुस्तक घरचं, कितीही मळवा.
शिलाई थोडी तिरकी बसलीय, पानं पंख्याखाली फडफडतात.
शब्द मला अजूनही धड येत नाही,
मृ वर जीभ वळते आणि ग पाशी गळते.
पण त्या पानावर आलो की
त्रिशला माझं बोट धरते,
खुराड्यावरून अलगद उचलते,
पलीकडच्या शब्दावर नेऊन ठेवते:
"ती झोपलीत. तुम्ही पुढचं वाचा."